ग्रीनवूडच्या फुटपाथवरची नावं

ग्रीनवूड अव्हेन्यूवर खाली बघत चालावं लागतं. फुटपाथमध्ये धातूच्या छोट्या पाट्या बसवल्या आहेत. प्रत्येक पाटीवर एखाद्या दुकानाचं, हॉटेलचं, डॉक्टरचं किंवा वकिलाचं नाव आणि ते १९२१ साली उद्ध्वस्त झाल्याची नोंद. शेवटी ते पुन्हा उघडलं की नाही, एवढंच. बाबा एकेका पाटीपाशी वाकून मोठ्याने वाचत होते आणि मला सांगत होते, "हे नाही उघडलं. हेही नाही."

ओक्लाहोमातल्या टल्साला यायचा हट्ट त्यांचाच होता. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा बाबा कॉलेजात होते. संघटनेचं नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलेलं, म्हणून इथल्या कृष्णवर्णीयांचा इतिहास ते तेव्हापासून मिळेल तिथून वाचत आले. या वेळी डॅलसला माझ्याकडे आले ते ठरवूनच, की १९२१ च्या हत्याकांडाच्या स्मृतिदिनी, ३१ मे आणि १ जूनला, टल्सात असायचं. हायवे ७५ रेड नदी ओलांडून सरळ तिथे नेतो.

१९२१ साली टल्सा तेलाच्या पैशावर फुगलेलं शहर होतं. रेल्वे रुळांच्या उत्तरेला कृष्णवर्णीयांची वस्ती, ग्रीनवूड. गोऱ्यांच्या बाजारात त्यांना मान नव्हता, म्हणून त्यांनी स्वतःचा बाजार उभा केला. स्ट्रॅडफर्ड यांचं हॉटेल, विल्यम्स कुटुंबाचं ड्रीमलँड थिएटर, नावाजलेले सर्जन ए. सी. जॅक्सन, दोन वर्तमानपत्रं. पुढे लोक त्याला ब्लॅक वॉल स्ट्रीट म्हणू लागले.

३० मेला डिक रोलंड हा बूटपॉलिश करणारा तरुण ड्रेक्सेल बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये शिरला. लिफ्ट चालवणारी सारा पेज किंचाळली. दुसऱ्या दिवशी रोलंडला अटक झाली, त्याने तिच्यावर हल्ला केल्याची भडक बातमी 'टल्सा ट्रिब्यून'ने छापली आणि संध्याकाळी, त्याला ठेवलं होतं त्या कोर्टाबाहेर गोऱ्यांचा जमाव जमला. रोलंडला झुंडीच्या हाती पडू द्यायचं नाही म्हणून ग्रीनवूडची माणसं बंदुका घेऊन तिथे गेली. त्यांत पहिल्या महायुद्धातून परतलेले सैनिक होते. झटापटीत गोळी सुटली. पोलिसांनी गोऱ्या नागरिकांना भराभर विशेष शिपाई म्हणून शपथ दिली, आणि १ जूनच्या पहाटे हजारोंचा जमाव रूळ ओलांडून वस्तीत घुसला. आधी लूट, मग आग. पस्तीसेक ब्लॉक जळाले. रेड क्रॉसने जळलेली घरं मोजली, ती १,२५६ भरली. त्या वेळी सरकारदरबारी ३६ मृत्यू नोंदले गेले. इतिहासकार १०० ते ३०० म्हणतात. डॉक्टर जॅक्सन हात वर करून घराबाहेर आले होते, तरी त्यांना गोळी घातली. रोलंडवरचा आरोप पुढे मागे घेतला गेला.

वाचलेल्या हजारो माणसांना पकडून सभागृहात, बेसबॉलच्या मैदानावर, जत्रेच्या मैदानावर कोंडलं. एखाद्या गोऱ्या मालकाने हमी दिली तरच सुटका, आणि बाहेर पडल्यावर जवळ हिरवं ओळखपत्र बाळगायचं. हे मी वाचून दाखवलं तेव्हा बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत.

त्यांची नोकरी विमा क्षेत्रातली. त्यामुळे त्यांचा पहिला प्रश्न होता, "क्लेमचं काय झालं?" काहीच नाही. पॉलिशींमध्ये दंगलीचं नुकसान वगळणारं कलम होतं आणि घटनेची सरकारी नोंद दंगल अशीच झाली. शहराकडे १८ लाख डॉलरहून जास्त रकमेचे दावे दाखल झाले; ग्रीनवूडच्या रहिवाशांचे फेटाळले गेले. भरपाई मिळाली ती एका गोऱ्या दुकानदाराला, त्याच्या दुकानातून जमावाने उचललेल्या बंदुका आणि काडतुसांबद्दल. बाबांनी हे मला पुन्हा वाचायला लावलं.

पुढची गोष्ट त्यांना जास्त भावली. राख थंड होते न होते तोच शहराने नियम काढला, की इथे नवीन बांधकाम अग्निरोधकच हवं. तो खर्च झेपणार कुणाला? जमीन आपोआप मोकळी होणार होती. वकील बी. सी. फ्रँकलिन यांचं ऑफिस जळालं होतं. त्यांनी तंबूत टेबल मांडलं, दावा लढवला आणि नियम रद्द करून घेतला. लोकांनी तंबूंत हिवाळा काढला आणि विटांवर विटा रचल्या. आज ग्रीनवूड आणि आर्चर रस्त्यांच्या कोपऱ्याजवळ दिसतात त्या लाल विटांच्या इमारती त्याच पुनर्बांधणीतल्या. व्हर्नन चर्चचं फक्त तळघर वाचलं होतं. त्याच तळघरात प्रार्थना करत माणसांनी वरचं चर्च पुन्हा उभारलं.

मग त्याच वस्तीवरून आंतरराज्य महामार्ग २४४ नेला. पाट्या वाचत चालता चालता डोक्यावर पूल येतो आणि ट्रकच्या आवाजात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. जमावातून सावरलेला बाजार शहर नियोजनाने मोडला, हे मला त्या पुलाखाली जितकं कळलं तितकं कुठल्याही संग्रहालयात कळलं नसतं.

रस्त्यावर त्या दिवशी गर्दी होती. आजी-आजोबा नातवंडांना हाताला धरून एखाद्या विशिष्ट पाटीपाशी आणत होते, फोटो काढत होते. एका वृद्ध बाईंशी बाबांचं मोडक्या इंग्रजीत छान जमलं. त्या बाईंच्या घरात लहानपणी या विषयावर कुणी बोलत नसे. आईला वाटायचं, मुलांनी चिडून काही केलं तर त्यांनाही मारतील. शहरानेही गप्प राहायला मदतच केली. 'ट्रिब्यून'च्या जतन केलेल्या अंकातून ती बातमी कापून काढलेली होती. बाबांनी त्यांना १ जानेवारीला भीमा कोरेगावला जमणाऱ्या माणसांबद्दल सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, तिथे जेवणाची सोय कोण करतं?

जवळच फ्रँकलिन यांच्या इतिहासकार मुलाच्या नावाने, जॉन होप फ्रँकलिन यांच्या नावाने, उद्यान आहे. तिथले पुतळे शिल्पकार एड ड्वाइट यांनी १९२१ च्या खऱ्या छायाचित्रांवरून केलेले आहेत. हात वर करून शरण आलेल्या माणसापुढे मला फार वेळ थांबता आलं नाही.

ओकलॉन स्मशानभूमीत मात्र थांबलो. शहराने २०२० पासून इथे खोदकाम करून निनावी कबरी शोधल्या. २०२४ मध्ये डीएनएच्या आधारे पहिली ओळख पटली, सी. एल. डॅनियल, जॉर्जियाचा, विशीतला माजी सैनिक. त्याच्या आईच्या वतीने वकिलाने १९३६ साली सरकारला लिहिलेलं पत्र अभिलेखागारात मिळालं; मुलगा टल्सात मारला गेला, असं त्यात स्पष्ट आहे. म्हणजे आईला माहीत होतं, सरकारच्या फायलीत लिहिलेलं होतं, आणि तरी तो अठ्ठ्याऐंशी वर्षं निनावी पडून होता. बाबा म्हणाले, "कागद सांभाळून ठेवणारी माणसं देवासारखी."

१ जून २०२५ हा शहराने अधिकृतपणे पाळलेला पहिला स्मृतिदिन. टल्साचे पहिले कृष्णवर्णीय महापौर मनरो निकल्स यांनी त्या दिवशी १० कोटी ५० लाख डॉलरच्या ट्रस्टची योजना जाहीर केली. घरं, वारसा जतन, जमीन, शिष्यवृत्त्या. पैसा खासगी देणग्यांतून उभारायचा. वाचलेल्यांना थेट रोख भरपाई त्यात नाही, आणि त्यांचा दावा ओक्लाहोमाच्या सर्वोच्च न्यायालयाने आदल्याच वर्षी फेटाळला होता. त्या दिवशी प्रत्यक्ष साक्षीदार दोघीच हयात होत्या, १११ वर्षांच्या व्हायोला फ्लेचर आणि ११० वर्षांच्या लेसी बेनिंगफील्ड रँडल. परतीच्या वाटेवर बाबांनी वहीच्या मागच्या पानावर १८ लाख डॉलरवर १०४ वर्षांचं चक्रवाढ व्याज मांडायला घेतलं, आणि दर किती धरायचा यावर आमचा डॅलस येईपर्यंत वाद चालला.