आमची वाटचाल : चार्जिंगचा दोष शोधायची पद्धत कशी घडली

मोटारसायकलच्या इलेक्ट्रिकल कामाची आमची सुरुवात बॅटरी बदलण्यापासून झाली. गाडी सेल्फ घेत नाही म्हटलं की जुनी बॅटरी काढायची, नवी बसवायची. पण बॅटरी ही नुसती साठवण. वीज तयार होते मॅग्नेटमधल्या स्टेटरमध्ये, म्हणजे इंजिनमधल्या स्थिर कॉइलमध्ये, तिची डीसी करून व्होल्टेज आवरायचं काम रेग्युलेटर-रेक्टिफायरचं, म्हणजे आरआर युनिटचं, आणि ती बॅटरीपर्यंत पोचवतं वायरिंग. दोष या तिघांत असला तर नवी बॅटरीही काही दिवसांत उतरते. हे कळल्यावर कामाचा क्रम ठरला: आधी मीटर, मग पाना.

पहिलं माप आजही बॅटरीचंच. गाडी काही तास उभी राहिल्यावर चांगली लेड-ॲसिड बॅटरी 12.6 ते 12.8 व्होल्ट दाखवते. 12.4 च्या खाली असेल तर आधी चार्जरवर पूर्ण भरून घ्यायची, मगच पुढची मापं. उतरलेली बॅटरी चार्जिंगचं व्होल्टेज खाली ओढते आणि दोष नसताना स्टेटरवर आळ येतो. नंतर सेल्फ मारताना मीटरकडे बघायचं. उभ्या गाडीत 12.7 आणि सेल्फ मारताच 9.5 च्या खाली, तर बहुधा बॅटरीच गेलेली असते.

मग इंजिन चालू करून, बॅटरीच्या टर्मिनलवरच, 4000 ते 5000 आरपीएमला (इंजिनचे मिनिटाला फेरे) माप घ्यायचं. 13.5 ते 14.8 आलं तर चार्जिंग होतंय. रेस देऊनही काटा 12.5 च्या आसपासच राहिला तर होत नाही. 15 च्या वर गेला तर आरआर युनिट किंवा त्याची अर्थिंग बघायची. तसंच चालू ठेवलं तर बॅटरीतलं पाणी आटतं आणि बल्ब उडतात.

आमच्या कामात सगळ्यात मोठा फरक पडला तो व्होल्टेज ड्रॉप मोजायला लागल्यावर. मीटर डीसी व्होल्टवर, गाडी 4000 आरपीएमला, हेडलाइट चालू. एक प्रोब आरआर युनिटच्या पॉझिटिव्ह वायरवर कपलरच्या (वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या प्लगच्या) मागून घालायचा, दुसरा बॅटरीच्या पॉझिटिव्हवर. मीटर जे दाखवेल ते वाटेत हरवलेलं व्होल्टेज. 0.2 पर्यंत ठीक. 0.5 आलं, तर युनिट 14.2 देत असताना बॅटरीला 13.7 च मिळतंय. हीच तपासणी अर्थिंगच्या बाजूनेही करायची: युनिटच्या निगेटिव्ह वायरपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत.

हा दोष कंटिन्युइटीच्या, म्हणजे वायर सलग आहे का ते सांगणाऱ्या, बीपने सापडत नाही. वायरचा एकच धागा शिल्लक असला तरी मीटर वाजतो, कारण त्याला अगदी थोडा करंट पुरतो. त्याच जागेतून 10 अँपिअर जायला लागले की 0.1 ओहमचा अडथळासुद्धा 1 व्होल्ट खातो आणि तिथे 10 वॅट उष्णता निघते. म्हणून वायरिंग तपासायचं ते लोड असतानाच.

ही उष्णता डोळ्यांनीही दिसते. स्टेटरकडून येणाऱ्या तीन वायरींचा कपलर (बऱ्याच गाड्यांत तिन्ही पिवळ्या) उघडून बघा. पांढरं प्लास्टिक एका पिनेभोवती चहाच्या रंगाचं झालेलं असतं, पिन काळपट पडलेली, वायरचं आवरण कडक होऊन तडकलेलं. सँडपेपरने पिन चकाकते, पण थिंबलची (वायरच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या पिनेची) पकड गरम होऊन गेलेली असते, ती परत येत नाही. तांबं लाल दिसेपर्यंत वायर मागे कापून नवं थिंबल दाबून बसवणं, हाच उपाय. काळवंडलेल्या तांब्यावर सोल्डर धरत नाही.

वायरिंग ठीक निघालं तर स्टेटर. कपलर सोडून, इंजिन चालू ठेवून, तीन वायरींपैकी दोन-दोन धरून होणाऱ्या तिन्ही जोड्यांवर एसी व्होल्ट मोजायचे. साधारण दर 1000 आरपीएमला 15 ते 20 व्होल्ट. आकडा मॉडेलनुसार बदलतो, पण तिन्ही जोड्या सारख्या यायला हव्यात. इंजिन बंद करून दोन वायरींमधला रेझिस्टन्स 0.1 ते 1 ओहम (प्रोबचा स्वतःचा रेझिस्टन्स वजा करून), आणि कोणत्याही वायरपासून बॉडीला अजिबात कंटिन्युइटी नको. ही तपासणी इंजिन थंड असताना एकदा आणि तापल्यावर पुन्हा करायची. कॉइलच्या तारेवरचं व्हार्निश (इन्सुलेशनचा थर) कमजोर झालं की शॉर्ट तापल्यावरच होतो, आणि सकाळी ठणठणीत असलेली गाडी दुपारी चार्ज होत नाही.

स्टेटर जळालेला निघाला तर तो का जळाला हेही बघावं. शंट पद्धतीचं युनिट जादा वीज शॉर्ट करून परत फिरवतं, म्हणजे हेडलाइट लावा अगर बंद करा, स्टेटरवरचा भार जवळपास तेवढाच. एलईडी बल्ब लावून अशा गाडीचा स्टेटर वाचत नाही. बॅटरीला मात्र थोडी जास्त वीज मिळते.

आरआर युनिटला डायोड टेस्ट लावता येते: एका दिशेने 0.4 ते 0.7 व्होल्ट, उलट दिशेने काहीच नाही. मॉसफेट (एक इलेक्ट्रॉनिक स्विच) वापरणाऱ्या युनिटवर तिचा भरवसा नाही. म्हणून बॅटरी, वायरिंग, स्टेटर तिन्ही पास झाले आणि व्होल्टेज तरीही चुकीचं, तेव्हाच आम्ही युनिट बदलतो. इंजिन चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढून बघायची जुनी सवय पूर्ण बंद केली. त्यात व्होल्टेजचा झटका बसून चांगलं युनिट आणि ईसीयू (इंजिनचं इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट) दोन्ही जाऊ शकतात.

चार्जिंग बरोबर असूनही उभ्या गाडीची बॅटरी उतरत असेल तर निगेटिव्ह वायर काढून ती वायर आणि बॅटरीचं टर्मिनल यांच्या मधोमध मीटर, 10 अँपिअरच्या खाचेत, जोडायचा. चावी बंद असताना काही मिलिअँपिअरच यायला हवेत. जास्त आले तर बाहेरून बसवलेला अलार्म किंवा जीपीएस आधी सोडून बघायचा. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नये, त्याचा फ्यूज जातो.

आता आमच्या जॉबकार्डवर बॅटरीचं उभं व्होल्टेज, सेल्फ मारतानाचं, रेस दिल्यावरचं आणि दोन्ही बाजूंचा ड्रॉप यांचे रकाने आहेत. दुरुस्तीआधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी-शेजारी लिहितो. नंतरचे आकडे इंजिन पूर्ण तापल्यावरच घेतो.