उबुंटू सर्व्हरवर आर बसवताना: वेळ नेमका कुठे जातो

उबुंटू २२.०४ वर नुसतं 'ॲप्ट इन्स्टॉल आर-बेस' मारलं की आर (आकडेवारीसाठीची प्रोग्रामिंग भाषा) बसतं, पण ४.१.२ ही जुनी आवृत्ती. नवी पॅकेजेस तिच्यावर कुरकुर करतात. म्हणून मी आधी क्रॅनची, म्हणजे आर आणि त्याच्या पॅकेजेसच्या अधिकृत संग्रहाची, रिपॉझिटरी ॲप्टला जोडली: खरेपणा तपासणारी साइनिंग की 'ट्रस्टेड डॉट जीपीजी डॉट डी' फोल्डरमध्ये, सोर्सच्या ओळीत 'जॅमी-क्रॅन४०'. इथला ४० म्हणजे आरची ४ ची सगळी मालिका. जॅमी हे २२.०४ चं नाव, २४.०४ असेल तर नोबल. दुसऱ्या आवृत्तीवरून ओळ उचलून चिकटवली की डिपेंडन्सी (सोबत लागणारी इतर पॅकेजेस) जुळत नाहीत. इन्स्टॉल करण्याआधी 'ॲप्ट-कॅश पॉलिसी आर-बेस' बघावं, कोणती आवृत्ती येणार ते कळतं. सोबत आर-बेस-डेव्ह घ्यायचंच, सोर्स कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणारे कंपायलर त्यातून येतात.

इथवर पाच-दहा मिनिटं. खरा वेळ पॅकेजेस खातात, कारण क्रॅन लिनक्सला सोर्स देतं आणि सगळं आपल्याच मशीनवर कंपाइल होतं.

एक्सएमएल फाइली वाचणारं एक्सएमएल२ हे पॅकेज बसेना. शेवटची ओळ 'नॉन-झिरो एक्झिट स्टेटस'. तिच्यातून काहीच कळत नाही. वर सरकल्यावर रेघांच्या चौकटीत 'लिबएक्सएमएल-२.० सापडलं नाही' आणि खाली 'डेब:' पुढे हव्या त्या लायब्ररीचं नाव आयतं लिहिलेलं. म्हणून लिबएक्सएमएल२-डेव्ह, लिबएसएसएल-डेव्ह, लिबकर्ल४-ओपनएसएसएल-डेव्ह ही तिन्ही आधीच टाकावीत. डेव्ह विसरलात तर लायब्ररी असूनही कंपाइल करायला लागणाऱ्या हेडर फाइल्स नसतात आणि तीच एरर पुन्हा.

१ जीबी रॅमवर डकडीबीसारखं जड पॅकेज अर्ध्यात मेलं: 'किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्राम सीसी१प्लस'. दोष कोडचा नाही, मेमरी संपली की कर्नल कंपायलरलाच मारतो. २ जीबीची स्वॅप फाइल (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) केली, परवानगी ६००, 'एमकेस्वॅप', 'स्वॅपऑन', आणि बूट होताना वाचल्या जाणाऱ्या एफएसटॅब फाइलमध्ये नोंद, नाहीतर रीबूटनंतर स्वॅप गायब.

त्याहून बरा मार्ग पॉझिट (आरस्टुडिओ बनवणारी कंपनी) हिच्या पॅकेज मॅनेजरचा. तो जॅमीसाठी तयार बायनरी, म्हणजे आधीच कंपाइल केलेली पॅकेजेस, देतो. त्याचा पत्ता 'आरप्रोफाइल डॉट साइट'मध्ये घातला की सगळ्या युजर्सना लागू. मात्र टर्मिनलमधल्या आरला 'एचटीटीपी युजर एजंट' ऑप्शन (आपली सिस्टीम कोणती ते सर्व्हरला सांगणारा) सेट करावा लागतो. तो नसला तर सर्व्हर मुकाट्याने सोर्स पाठवतो आणि आपण बसतो कंपाइल होताना बघत.

ब्राउझरमधून आर वापरायचा आरस्टुडिओ सर्व्हर ८७८७ पोर्टवर उघडतो. लॉगिन मात्र लिनक्सच्या पासवर्डने. क्लाउडवरच्या युजरला बहुधा फक्त एसएसएच की असते, पासवर्ड नसतोच. 'सुडो पासडब्ल्यूडी' आणि पुढे त्या युजरचं नाव देऊन तो द्यावा लागतो. रूटने आत जाता येत नाही, कारण १००० च्या खालचे युजर आयडी तो मुळातच नाकारतो. पोर्ट जगाला उघडा ठेवण्यापेक्षा मी 'आरसर्व्हर डॉट कॉन्फ'मध्ये पत्ता १२७.०.०.१ दिला आणि एसएसएच टनेलने (सर्व्हरशी असलेल्या सुरक्षित जोडणीतून) आत जातो.