ईएनपी१२९एस०एफ१ : सर्व्हरवरच्या पोर्टाचं नाव येतं कुठून?

लिनक्समध्ये नेटवर्क पोर्टांची ईटीएच०, ईटीएच१ ही जुनी नावं सुटसुटीत होती, पण बेभरवशाची. कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) जो पोर्ट आधी सापडेल तो शून्य. दोन वेगळ्या ड्रायव्हरची कार्डं असली की रीबूटनंतर नावांची अदलाबदल व्हायची आणि फायरवॉलचे बाहेरच्या बाजूचे नियम आतल्या पोर्टाला लागायचे. म्हणून २०१३ मध्ये सिस्टमडीच्या (लिनक्समधल्या सेवा सुरू करणाऱ्या व्यवस्थेच्या) १९७व्या आवृत्तीत पोर्टाच्या जागेवरून नाव द्यायची पद्धत आली.

'ईएन' म्हणजे इथरनेट. पुढे 'ओ' असेल तर मदरबोर्डवरचा पोर्ट, 'एस' असेल तर हॉटप्लग स्लॉट. त्यांचे आकडे फर्मवेअर (बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) देतं. यातलं काहीच मिळालं नाही तर 'पी' : पीसीआय बस (कार्डं जोडणारी वाहिनी), मग डिव्हाइस (इथला 'एस'), मग फंक्शन ('एफ'). इथे हमखास गोंधळ होतो. पीसीआय उपकरणांची यादी देणारी एलएसपीसीआय ही आज्ञा बसचा आकडा हेक्समध्ये (सोळाच्या पायावर) दाखवते, नावात तो दशमान असतो. तिथला ८१:००.१ (हेक्स ८१ म्हणजे १२९) म्हणजेच शीर्षकातला पोर्ट.

पण बस क्रमांक काही स्लॉटवर कोरलेला नसतो, बूट होताना मोजला जातो. नवं एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) किंवा रेड (अनेक डिस्क एकत्र चालवणारं) कार्ड बसवलं की ईएनपी३एस० चं ईएनपी४एस० होऊ शकतं. कॉन्फिगमध्ये जुनंच नाव, त्यामुळे सर्व्हर सुरू होतो पण नेटवर्कविना. कार्ड घालण्याआधी रिमोट कन्सोल (सर्व्हरचं नेटवर्क बंद असतानाही दुरून पडदा दाखवणारी सोय) चालतो ना, ते पाहून घ्या.

कर्नलला 'नेट.आयएफनेम्स=०' देऊन जुनी नावं परत आणता येतात. एकाच पोर्टाच्या व्हर्च्युअल मशीनला ते चालेल. चार पोर्टांच्या सर्व्हरवर तो मूळ दुखण्याकडेच परतायचा रस्ता आहे. त्यापेक्षा /ईटीसी/सिस्टमडी/नेटवर्क मध्ये प्रत्येक पोर्टाची नाव ठरवणारी .लिंक फाइल करा. जुळणारी पहिली फाइल लागू होते, म्हणून फाइलच्या नावाची सुरुवात १० ने करा. सिस्टमडीची मूळ फाइल ९९ ची आहे. 'मॅच' भागात 'पर्मनंटमॅकअॅड्रेस' (कार्डाचा मूळ हार्डवेअर पत्ता) लिहा. नुसता 'मॅकअॅड्रेस' लिहिला तर तोच पत्ता वापरणारे व्हीलॅन (पोर्टावरचं आभासी नेटवर्क) आणि बाँडही (अनेक पोर्ट जोडून केलेला एक) जुळतात. 'लिंक' भागात 'नेम' : लॅन०, स्टोरेज० असं काहीही, फक्त 'ईटीएच' नको, कारण कर्नल स्वतः तीच नावं वाटत असतो.

मग इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला वापरली जाणारी छोटी फाइलसिस्टम) नव्याने बांधा. नाव बऱ्याचदा तिथेच बदलतं, त्यामुळे ही पायरी गाळली तर फाइल बरोबर असूनही जुनंच नाव दिसतं.

छोट्या नावाचा आणखी एक फायदा. लिनक्समध्ये इंटरफेसच्या नावाला १५ अक्षरांची मर्यादा आहे. काही कार्डांवर शेवटी 'एनपी१' जोडलं जातं; मग शीर्षकातलं नाव रोमन लिपीत १३ अक्षरांचं होतं. त्याला .१०० हा व्हीलॅन जोडा, झाली १७.