भाजलेले धणे

कोल्हापुरात 'चटणी' म्हणजे पानात डाव्या बाजूला वाढायची ओली चटणी नव्हे. वर्षभर पुरणारं लाल कांदा-लसणाचं तिखट. उन्हाळ्यात ते घरोघरी होतं. दोन वर्षांपूर्वी त्याच धांदलीत परातीतले मूठभर धणे मी पळवले आणि गच्चीवरच्या कुंडीत पेरले. पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं, पण कोंबाचा पत्ता नाही. शेवटी आईला विचारलं.

"परातीतलं घेतलंस व्हय? अरं, ते भाजून ठेवल्यालं! भाजल्यालं बी कवा उगवतंय?"

संध्याकाळपर्यंत ही बातमी गल्लीभर झाली होती.

मग रीतसर शिकलो. एका धण्यात दोन बिया असतात, म्हणून लाटण्याने हलके रगडून त्याच्या दोन फाका करायच्या. रात्रभर भिजवून पेरलं की आठ-दहा दिवसांत दोऱ्यासारखे कोंब येतात, चाळीसेक दिवसांत खुडण्याजोगी पानं. पण हे हिवाळ्यातलं गणित. उन्हाळ्यात कोथिंबीर पानांचा नाद सोडून थेट फुलावर येते, आणि जुलैत आमचा पाऊस तिला कुंडीतच झोपवतो. त्याच दिवसांत मंडईत जुडीचा भाव ऐकून माणूस नुसता वास घेऊन परततो. रश्श्यावर चार पानं कमी पडली तरी चालून जातं, पण आलं-लसूण-कोथिंबिरीच्या वाटणाचं काय करायचं? तिथं देठंसुद्धा लागतात. देठं फेकणाऱ्याच्या हातचा तांबडा रस्सा मी तरी खाणार नाही.

पुदिन्याने असला छळ केला नाही. मंडईतल्या जुडीतल्या दोन काड्या पाण्यात ठेवल्या, आठवड्यात मुळं फुटली. आता तो शेजारच्या तुळशीच्या कुंडीत घुसू बघतोय.

खरा लाडका गवती चहा. त्याचं मी काहीच केलेलं नाही. आत्याने गावाकडून आणलेला एक ठोंब नळाजवळ खोचला होता, त्याचं आता रान झालंय. पात उसाच्या पाल्यासारखी, बेसावध हात घातला की बोट कापलंच. ती चुरगळली की लिंबाचा वास येतो, कारण लिंबाच्या सालीतलं सिट्रल यातही असतं, आणि भरपूर. पाण्यात पात आणि ठेचलेलं आलं आधी चांगलं उकळू द्यावं, मगच पावडर, दूध शेवटी. सगळं एकदम ओतून उकळणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त त्यांच्याकडे चहा घेत नाही.

पावसाने जोर धरला की गल्लीत एकच विषय: पंचगंगा किती फुटांवर? राजाराम बंधाऱ्यावर 39 ला इशारा, 43 ला धोका, हे इथल्या पोरांनाही पाढ्यासारखं पाठ. त्या दिवसांत आमचा ठोंब निम्मा होतो.

"भावजी, दोन पाती घेतली हं," शेजारच्या वैनी म्हणतात, तेव्हा हातात जुडगा आलेला असतो.

परवा हिवाळ्यात त्याच वैनींनी कोथिंबीर आणून दिली. फुटक्या घमेल्यातली, पण काय हिरवीगार! मी न राहवून विचारलं, "बी कुठलं घातलंत?"

"बी कसलं? डब्यातलं धनं टाकलं," त्या म्हणाल्या, आणि जिन्यावरून हसत ओरडल्या, "भाजलं नव्हतं तेवढं!"