पाणी सुटायच्या आधी बॅरल घासा

मी सोलापूरच्या पूर्व भागात आशा म्हणून काम करते. पावसाळा लागला की टॉर्च घेऊन घरोघरचे बॅरल, हौद, रांजण बघायचे. पाण्यावर उजेड पडला की अळ्या वळवळत तळाकडे पळतात, तेव्हा नीट दिसतात.

डेंग्यूचा एडिस डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. आणि उजनी धरण भरलेलं असलं तरी आमच्याकडे नळ रोज येत नाही, मग माणूस पाणी साठवणारच. ‘आठवड्यातून एक दिवस भांडी कोरडी ठेवा’ म्हटलं की विडी वळत बसलेल्या अक्का विचारतात, "मग प्यायचं काय?" खरंच आहे त्यांचं. म्हणून मी कोरडा दिवस वेगळा सांगतच नाही. ज्या दिवशी पाणी येणार, त्याच दिवशी नळ सुटायच्या आधी बॅरल रिकामं करा आणि आतून काथ्याने खसाखसा घासा. तळाचं पाणी फडक्याने गाळून धुण्याला, फरशीला वापरा. फडक्यावरच्या अळ्या उन्हात कोरड्या जमिनीवर झटका, मरतात.

घासणं महत्त्वाचं, कारण मादी पाण्याच्या रेषेलगत, ओल्या भिंतीला अंडी चिकटवते. काळी, तिळाहून कितीतरी बारीक. पाणी ओतून दिलं तरी ती तिथेच राहतात, कोरडी पडून महिनोन्‌महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी लागलं की फुटतात. त्यातून उडता डास व्हायला साधारण 8 ते 10 दिवस लागतात. नळ चार-पाच दिवसांनी येत असेल, तर दर खेपेला घासल्यावर डास तयारच होत नाही. जुन्या पाण्यावर नवं भरत राहिलात, तर होतो.

मोठा सिमेंटचा हौद उपसता येत नाही, हे मान्य. त्यात गप्पी मासे सोडा, ते अळ्या खातात.

धुराची गाडी मागवा, असा आग्रह सगळीकडे असतो. धुराने उडणारे डास मरतात, बॅरलमधल्या अळ्यांना काही होत नाही. दोन-चार दिवसांत नवे डास बाहेर!

हा डास फार लांब उडत नाही, पण शेजारच्या घरात सहज जातो, आणि चावतो तो दिवसा, दारात बसलेल्या बायकांना, खेळणाऱ्या पोरांना. त्यामुळे एकाच घराने घासून भागत नाही. पण नळ तर अख्ख्या गल्लीला एकाच वेळी येतो. तेव्हा घासणंही त्याच दिवशी, सगळ्यांनी मिळून करा. म्हाताऱ्या मावशींचं जड बॅरल आडवं करायला शेजारच्या पोरांना हाक मारा.