तुम्ही विचारलंत म्हणून : शिकारीच्या धनुष्याला रेस्ट कोणता घ्यावा?

नवं कंपाउंड धनुष्य (टोकांना चाकं आणि केबल असलेलं) हातात आलं की थोड्याच दिवसांत माणूस मला विचारतो, "शिकारीसाठी रेस्ट कोणता घेऊ? सगळ्यात भरवशाचा सांगा." लोकांची धनुष्यं जुळवून देण्याचं काम करत असल्यामुळे या प्रश्नाची मला सवय आहे. त्यावर मी उलट विचारते, "तो बिघडला तर काय होईल, याचा विचार केलाय का?" समोरच्याला वाटतं, मी उत्तर टाळतेय. पण धड चालत असतील तर बहुतेक सगळेच रेस्ट बरे असतात. आवारात, कोरड्या हवेत, निवांतपणे मारलेल्या बाणांवरून त्यांच्यात निवड करताच येत नाही. शिकारीचा रेस्ट मी त्याच्या बिघाडावरून निवडते. (शिकारीला परवानगी आहे का, हंगाम कधी, परवाना कसला, हे तुम्ही जिथे जाणार तिथला कायदा ठरवेल. ते आधी बघा, रेस्टचं नंतर.)

रेस्ट म्हणजे धनुष्याच्या मधल्या भागाला, रायझरला, बसवलेला बाणाचा टेकू. दिसायला किरकोळ. पण २८ इंच ड्रॉ (पूर्ण ओढल्यावर रायझरपासून दोरीपर्यंतचं अंतर) असलेलं, सेकंदाला २८०–२९० फूट वेगाने बाण सोडणारं धनुष्य घ्या. त्यात दोरी बाणाला ढकलते ती साधारण २० इंच. हिशेब मांडला तर हा सगळा प्रवास सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास उरकतो. तेवढ्यात रेस्टला सुरुवातीला बाण पेलायचा असतो आणि शेवटी पिसं जवळ आली की त्यांच्या वाटेतून बाजूला व्हायचं असतं. नीट पेलायचं तर धरून ठेवायला हवं, आणि धरून ठेवलं की पिसं घासणार. रेस्टचे जेवढे प्रकार निघाले, ते याच अडचणीतून.

आधी एक सांगा, दोरी बोटांनी ओढता की यांत्रिक रिलीजने (दोरी पकडून चापाने सोडणाऱ्या छोट्या साधनाने)? बोटांवरून सुटताना दोरी किंचित बाजूला घसरते, त्यामुळे बाण आडवा लवतो. त्याला बाजूने आधार लागतो, म्हणजे स्प्रिंगचा प्लंजर (बाणाला बाजूने टेकणारी, दबणारी खुंटी) आणि त्याच्यासोबत साधी तारेची पट्टी. रिलीजने सोडलेला बाण मुख्यतः वर-खाली लवतो, म्हणून त्याला खालून आधार. पुढचं सगळं रिलीजवाल्यांसाठी आहे. बोटवाल्यांनी प्लंजरच घ्यावा आणि ड्रॉप-अवेच्या मागे लागू नये.

रिलीजवाल्यांपुढे मुख्यतः दोन वाटा. पहिली केसांच्या गोलाची. व्हिस्कर बिस्किट या नावाने तो सगळ्यांना माहीत आहे. कडक केसांचं एक वर्तुळ, मधे भोक, भोकात बाण. एकदा बाण बसवला की धनुष्य आडवं करा, झुडपातून वाकून जा, बाण पडत नाही. हलणारा भाग एकही नाही. पिसं केसांतून घासत जातात, त्यामुळे वेग सेकंदाला काही फूट कमी होतो. हरणाला त्याने काडीचा फरक पडत नाही, तुम्हालाही पडू नये. खालच्या बाजूचे केस बाणाचं वजन पेलायला जास्त कडक असतात. एक पीस सरळ वर ठेवलं की उरलेली दोन त्या कडक केसांच्या दोन्ही अंगांनी जातात. पिसं प्लास्टिकची, आखूड आणि ताठ हवीत. खरी पिसं यातून फार दिवस टिकत नाहीत. भोकाचं माप बाणाच्या जाडीप्रमाणे मिळतं. ते न बघता घेणारे बरेच भेटतात.

याचा बिघाड कसा होतो? सावकाश. केस झिजतात, भोक सैल पडतं, बाण थोडा थोडा खाली बसायला लागतो आणि निशाणा हळूहळू सरकतो. डोळ्यांना दिसणारा बिघाड आहे. हंगामाआधी केस बदलले की झालं. एकच वाईट प्रसंग म्हणजे केस भिजून गोठले तर. बर्फाळ ठिकाणी जाणाऱ्याला मी हा रेस्ट सुचवत नाही.

दुसरी वाट ड्रॉप-अवेची, म्हणजे पडणाऱ्या रेस्टची. बाण लाँचरच्या, म्हणजे रेस्टच्या हलणाऱ्या हाताच्या, खाचेत बसतो, सुरुवातीला आधार घेतो आणि पिसं यायच्या आत लाँचर खाली पडतो. पिसांना काहीच लागत नाही, म्हणून ब्रॉडहेड (शिकारीचं पात्यांचं टोक) लावलेला बाणही सरळ जातो. अचूकतेच्या बाबतीत हा सरस, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण या पडण्यामागे एक बारीक दोरी असते, आणि ती कुठे बांधली आहे यावर सगळं अवलंबून आहे.

केबलवर चालणाऱ्या प्रकारात ही दोरी ओढताना खाली सरकणाऱ्या केबलला जोडतात. धनुष्य ओढलं की केबल दोरीला खेचते आणि लाँचर वर येतो. म्हणजे दोरीचं काम उचलण्याचं. ती तुटली किंवा सरकली तर लाँचर वर येतच नाही. समोर जनावर उभं, आणि तुमचा बाण खाली पडलेला.

लिम्बवर चालणाऱ्या प्रकारात गणित उलटं. लाँचरला वर ढकलायला स्प्रिंग असते. दोरी धनुष्याच्या पात्याला, लिम्बला, बांधलेली असते आणि एरवी लाँचर खाली खेचून ठेवते. ओढताना पातं वाकतं, दोरी ढिली पडते, स्प्रिंग लाँचर उचलते. बाण सोडला की पातं परत जातं आणि लाँचर खाली खेचला जातो. इथे दोरी तुटली तर लाँचर वरच राहतो. पिसं त्याला लागतील, बाण थोडा भरकटेल, पण सुटेल. निशाणा बिघडलेला आहे हे धरून तुम्ही धनुष्य खाली ठेवाल, ते वेगळं. निदान आयत्या वेळी बाण पायाशी तरी पडत नाही. शिवाय हा बसवताना केबलच्या धाग्यांना हात लावावा लागत नाही. तोटा एकच, पात्याकडे जाणारी दोरी उघडी असते, काटक्यांत अडकू शकते.

केबलवाल्यांतच एक लॉक होणारा प्रकार आहे. अंगठ्याने लाँचर उचलला की वर अडकून राहतो आणि बाण सुटल्यावरच पडतो. ओढलेलं धनुष्य न सोडता सावकाश परत आणलं तरी बाण जागेवर राहतो. ज्यांना पुष्कळ वेळ बाण लावून बसावं लागतं, त्यांना हा आवडतो आणि त्यात चूक नाही. फक्त त्याची दोरी केबलला कशी जोडली आहे, ते बघा.

त्याचंच एक उदाहरण. मध्यंतरी एकाचं धनुष्य आलं. तक्रार अशी की साध्या टोकाचे बाण ठीक जातात, ब्रॉडहेड लावले की कुठेही. कागदातून बाण मारून पाहिला. फाटलेल्या भोकात शेपूट वरच्या बाजूला. म्हणजे नॉकच्या (बाणाच्या शेपटाच्या, दोरीत अडकणाऱ्या खाचेच्या) मानाने टोकाकडचा आधार खाली. नॉकची जागा बरोबर होती. त्याला धनुष्य ओढून धरायला लावलं आणि बाजूने बघितलं, तर लाँचर पूर्ण वर येत नव्हता. तांदळाच्या दाण्याएवढं अंतर कमी पडत होतं. दोरी केबलला एका छोट्या प्लास्टिकच्या क्लॅम्पने धरलेली होती आणि तो हादऱ्यांनी मूळ जागेवरून सरकला होता. क्लॅम्प काढून टाकला, दोरी केबलच्या धाग्यांमधून ओवली, वर-खाली सर्व्हिंगच्या (दोरीवर गुंडाळायच्या बारीक) दोऱ्याने आवळून बांधली आणि शेजारी पांढऱ्या रंगाची रेघ मारली. पुढचं भोक गोल आलं. रेस्ट बदलायची तयारी करून आलेला माणूस तोच रेस्ट घेऊन गेला. नवी दोरी सुरुवातीला ताणते, म्हणून रेघ हवीच. रेघ आणि दोरी यांच्यात फट दिसली की समजायचं.

पिसं लागतात की नाही, हे बघायला लोक फोनवर स्लो-मोशन काढतात. सेकंदाला २४० चित्रं घेणाऱ्या फोनला त्या सगळ्या प्रवासाची जेमतेम तीन चित्रं मिळतात. त्यापेक्षा पिसांवर आणि लाँचरवर पायाला मारायची पावडर फवारा आणि एक बाण मारा. घासलं असेल तिथली पावडर पुसलेली दिसते. लिपस्टिकनेही काम होतं.

बसवण्याबद्दल थोडक्यात. रायझरमधल्या भोकाला बर्गर होल म्हणतात, त्याचे आटे ५/१६-२४ मापाचे. एकाच बोल्टवर उभा असलेला रेस्ट धक्क्याने फिरू शकतो, म्हणून दुसरा अडवणारा स्क्रू असलेला घ्या. काही नव्या धनुष्यांत रायझरच्या मागे खाचच कोरलेली असते, तिच्यात बसणारा रेस्ट फिरत नाही. तुमच्या धनुष्याला ती असेल तर डोळे झाकून तोच. स्क्रूंना निळं थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा द्रव) लावा, लाल नको. लाल तापवल्याशिवाय सुटत नाही. रायझरपासून बाणाच्या मध्यापर्यंत १३/१६ इंच ही बऱ्याच कंपाउंडवर सुरुवातीची जागा. तिथून पुढे ब्रॉडहेडने जुळवायचं: ब्रॉडहेड साध्या टोकांच्या डावीकडे लागत असेल तर रेस्ट उजवीकडे, खाली लागत असेल तर वर, एका वेळी १/३२ इंचाहून जास्त नाही. सूक्ष्म जुळवणीचे स्क्रू इथे कामाला येतात. कार्बनचा आहे की धातूचा, रंग कोणता, यावर मी वेळ घालवत नाही.

आवाज मात्र तपासा. शांत खोलीत, बाण लावून, सुरक्षित टार्गेटकडे तोंड करून हळू ओढा. (बाणाशिवाय ओढून चुकून सोडलंत तर धनुष्याचे तुकडे होऊ शकतात.) बाण लाँचरवरून घासताना खर्र ऐकू आला तर जनावरालाही येणार. लाँचरला चिकटवलेलं फेल्ट पावसात सुटतं. त्याऐवजी तापवून आकसणारी रबरी नळी चढवा. स्प्रिंगमध्ये ग्रीस भरू नका, थंडीत ते घट्ट होतं आणि लाँचर पडायला उशीर करतो.

माझ्या धनुष्यावर लिम्बवाला ड्रॉप-अवे आहे. दाट झाडीतून रांगत जाणाऱ्याला आणि अवजारांना हात लावायचा कंटाळा असणाऱ्याला मी केसांचा गोल देते. लॉकवाला हवा असेल तर दोरी बांधून घ्या, क्लॅम्पवर सोडू नका. पिशवीत एक जादा दोरी, सर्व्हिंगचा दोरा आणि रेस्टच्या मापाची ॲलन की असू द्या. आणि पुढच्या वेळी विचाराल तेव्हा रिलीज कोणता, पिसं कसली आणि बाणाची जाडी किती, हे सोबत सांगा. म्हणजे मला उलटे प्रश्न विचारावे लागणार नाहीत.