झेनसाठी दुसरं इंजिन शोधताना

जुनं इंजिन घ्यायला जाल तेव्हा ते ज्या गाडीतून निघालं तिचा नंबर आधी विचारा. इंजिनाला हात लावायच्याही आधी. मी तो प्रश्न ॲडव्हान्स दिल्यानंतर विचारला आणि त्यापायी माझे तेवीस दिवस गेले. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहिते आहे.

गाडी बाबांची, १९९८ ची कार्बोरेटरवाली मारुती झेन. २०२३ मध्ये पाच हजार रुपये फी भरून तिची नोंदणी पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवून घेतली होती, त्यामुळे ती भंगारात द्यायचा प्रश्नच नव्हता. नोव्हेंबर २०२४ मध्ये साताऱ्याहून येताना खंबाटकी घाटात रेडिएटरचा पाइप फाटला आणि इंजिन प्रचंड तापलं. झेनचा ब्लॉक आणि हेड दोन्ही ॲल्युमिनिअमचे, जास्त उष्णता त्यांना सोसत नाही. हेड उतरवल्यावर ब्लॉकलाच तडा दिसला. गॅरेजवाले काका म्हणाले, "ताई, यावर पैसे घालू नका. दुसरं इंजिन बघू."

भावाचं म्हणणं होतं की मारुती एस्टीमचं १३०० सीसीचं इंजिन बसवू. ते आणि झेनचं इंजिन सुझुकीच्या एकाच घराण्यातली. झेनचं ९९३ सीसी, एस्टीमचं १२९८, दोन्ही आडवी बसणारी. हौशी लोकांनी असे बदल केलेही आहेत. मी ठाम नाही म्हटलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं आहे. उद्या अपघात झाला आणि विमा कंपनीने आरसीवरची सीसी आणि बॉनेटखालची सीसी ताडून पाहिली, तर काय उत्तर देणार? नंतरच्या झेनचं एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणारं) इंजिन सीसीला तेवढंच, पण त्याच्याबरोबर ईसीएम म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पूर्ण वायरिंग आणि टाकीतला पंप आणावा लागतो. म्हणून ठरलं की कार्बोरेटरच्या झेनचंच इंजिन घ्यायचं.

पुण्यात नाना पेठेत गॅस्केट सेट, फाउंडेशन (इंजिन ज्यावर बसतं ते रबर), क्लच प्लेट सगळं एका दुपारी मिळालं. इंजिनासाठी मात्र चिखलीच्या कुदळवाडीतली जुन्या मालाची गोदामं पालथी घालावी लागली. (आता तिकडे जाऊ नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तिथली बहुतेक शेड पाडली.)

पहिलं इंजिन स्वस्त होतं आणि वरून अगदी चकचकीत. काकांनी प्लग काढले, सायकलची एक तार भोकातून पिस्टनवर टेकवली आणि क्रँकच्या पुलीला पाना लावून हळूहळू फिरवलं. प्रत्येक पिस्टन सगळ्यात वर आला की तारेवर खूण करायची. तीन खुणा सारख्या आल्या, चौथ्या वेळी तार सुमारे तीन मिलिमीटर जास्त खाली गेली. म्हणजे कनेक्टिंग रॉड वाकलेला, म्हणजे चालू इंजिनात पाणी शिरलेलं. सप्टेंबर २०१९ मध्ये पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला, जुलै २०२४ मध्ये एकतानगरीत पाणी भरलं. बुडालेल्या गाड्यांची इंजिनं अशी पुसून विकायला येतात. तारेची ही परीक्षा फुकट आहे आणि पाच मिनिटांत होते, ती करून घ्याच.

दुसरं इंजिन दुसऱ्या गोदामात मिळालं आणि ते खरंच चांगलं होतं. गिअरबॉक्स आणि सेल्फ जोडलेलेच होते, त्यामुळे बॅटरी लावून तिथेच कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजता आलं. चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा धरून. चारही सिलिंडर १६५ ते १७० पीएसआयच्या दरम्यान. झाकणाखाली दुधाळ तेल नाही. मला इतका आनंद झाला की मी तिथेच पाच हजार ॲडव्हान्स दिला. "बिल आणि गाडीचे कागद?" मी विचारलं. "उद्या या ताई."

कागद कशाला, असं अनेकांना वाटतं. इंजिन बदललं की चौदा दिवसांच्या आत आरसीसह परिवहन कार्यालयाला कळवावं लागतं. नवा नंबर आरसीवर चढवायचा तर ते इंजिन तुमच्याकडे कुठून आलं याचा पुरावा हवा. चोरीच्या गाडीचं इंजिन नाही, हे सांगणारा बिलाशिवाय दुसरा कागद तुमच्या हातात नसतो.

तर, उद्या. उद्या गेले तर मालक गावाला. परवा मालक होता, कागद घरी होते. मग म्हणाला, व्हॉट्सॲपवर पाठवतो. आठ दिवस काही नाही. मी कोथरूडहून चिखलीला जाऊन येऊन अर्धी रजा घालवायची, आणि प्रत्येक वेळी तिथे चहा मिळायचा, कागद नाही. मला तो चहा नको होता. नवव्या दिवशी आरसीची झेरॉक्स हातात आली. मी टॉर्च घेऊन ब्लॉकवरचा नंबर वाचला. शेवटचे दोन आकडे जुळत नव्हते. "झेरॉक्स पुसट आहे," तो म्हणाला. पुसट नव्हती. आकडे स्वच्छ दिसत होते आणि वेगळे होते.

मग त्याने दुसऱ्या एका गाडीचा नंबर दिला. तो मी तिथेच उभं राहून एमपरिवहन ॲपमध्ये टाकला. गाडीची नोंदणी चालू, वर कर्जाचा बोजाही दिसत होता. कटिंगला, म्हणजे तोडायला, आलेल्या गाडीची नोंदणी चालू कशी? तो म्हणाला, रद्द व्हायला वेळ लागतो. आणखी दहा दिवस "होतंय, होतंय" ऐकलं. काका म्हणत होते, इंजिन सोडू नका, असं पुन्हा मिळणार नाही. मीही त्याच लोभाने जात राहिले.

तेविसाव्या दिवशी त्याने आवाज खाली करून सांगितलं, "ताई, एवढा त्रास कशाला? हा नंबर घासतो आणि तुमचा जुना नंबर यावर मारून देतो. आरटीओत जायलाच नको."

मी उठले. गाड्या चोरणारे हेच करतात. बाबांच्या गाडीवर खोटा नंबर घेऊन २०२८ च्या तपासणीला उभी राहणार नव्हते. ॲडव्हान्सचे तीन हजार परत मिळाले, दोन हजार त्याने "जागाभाडं" म्हणून कापले. मी भांडले नाही, बाहेर पडले. तो निर्णय योग्य होता याचा मला आजही अभिमान आहे.

त्यानंतरचं सगळं भराभर झालं. कर्वेनगरमधल्या एका सोसायटीत एका आजोबांची १९९९ ची झेन उभी होती. खालचा पत्रा गंजून भोकं पडलेली, पण इंजिन पहिल्या सेल्फला सुरू झालं. बॉनेटखाली चालू असलेलं इंजिन ऐकून घेणं यासारखी दुसरी परीक्षा नाही, म्हणून जमलं तर सुटं इंजिन न घेता अख्खी गाडीच बघा. आजोबांनी खरेदीच्या बिलापासून सगळे कागद एका फाइलमध्ये जपून ठेवले होते. मोडीत निघालेली गाडीही चौदा दिवसांत कळवून रद्द करावी लागते (कलम ५५), ते मी बोलायच्या आधी त्यांनीच मला सांगितलं. इंजिनाच्या नंबरासह विक्रीची चिठ्ठी त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून दिली.

इंजिन बाहेर आहे तोवरच टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, क्रँकचं मागचं ऑइल सील आणि क्लच प्लेट बदला. नंतर तीच मजुरी पुन्हा द्यावी लागते. विमा कंपनीलाही लेखी कळवा, पॉलिसीवर इंजिन नंबर छापलेला असतो. आरटीओच्या तपासणीला नेण्याआधी ब्लॉकवरचा नंबर ब्रशने धुऊन ठेवा. माझ्या वेळी साहेबांनी त्यावर कागद ठेवून पेन्सिलीने छाप घेतली, चिठ्ठीशी ताडली आणि सही केली. दहा मिनिटंही लागली नाहीत.

नवी आरसी पोस्टाने आली त्या संध्याकाळी बाबा पार्किंगमध्ये गेले. बॉनेट उघडलं, मला टॉर्च धरायला सांगितली आणि ब्लॉकवरचा एकेक आकडा मोठ्याने वाचत कार्डाशी जुळवला.